पाच ते सहा, मैदान बायांचं

आमच्या शाळेतला सगळ्यात मोठा वर्ग बिराजदार बाईंचा होता. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं आणि सपाट म्हणावी अशी जमीनही नव्हती.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. ज्या कामांसाठी उस्मानाबादेला हेलपाटे घालावे लागायचे ती आता जवळच होणार म्हणून लोक खूश होते, पण पावसानं दडी मारलेली. सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. मी कंधारचा. रेणापूरजवळच्या तांबरवाडीच्या हायस्कुलात गणिताचा शिक्षक म्हणून पहिलीच नेमणूक मिळाली आणि एक वळकटी, एक पत्र्याची पेटी घेऊन मी एसटीतून उतरलो. शाळेच्या इमारतीपुढं माळासारखं एक आवार होतं. मधोमध चांगली पुरुषभर खोल घळ. घळीच्या अलीकडं एक उंच, सावळ्या, पन्नाशीकडं झुकलेल्या बाई उभ्या होत्या. पातळाचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात दोन दोरे, एकात लिंगायतांचं इष्टलिंग आणि दुसऱ्यात शिट्टी.

मी नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गणिताचे का?"

"हो. कंधारहून आलोय."

"बरं झालं कंधारकर. तेवढं सांगा, पोरं एवढीशी अन् घळ एवढी मोठी, तर खोखोचं मैदान कुठं आखू?"

माझं आडनाव त्यांनी कधी विचारलंच नाही. पुढची सगळी वर्षं मी कंधारकरच राहिलो. महिनाभरात 'अहो'चं 'अरे' झालं, तेवढाच फरक.

त्या उदगीरकडच्या. मराठी बोलता बोलता रागाच्या भरात कानडी यायचं. "साकु!" असं त्या ओरडल्या की पुरे झालं, आता थांबायचं, हे पाचवीतल्या पोरालाही कळायचं. यजमानांचं उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, छोटंसं दुकान होतं. ते दर रविवारी एसटीनं यायचे. अबोल माणूस. आल्यावर बाईंच्या खोलीपुढच्या दगडावर बसून त्यांचे कॅनव्हासचे बूट घासायचे, खडूनं पांढरे करायचे आणि उन्हात वाळत ठेवायचे. गावातले लोक मुद्दाम त्या गल्लीतून जायचे ते बघायला. कुणीतरी एकदा बाईंना टोमणा मारलाच. "नवऱ्याकडून बूट धुऊन घेता का बाई?"

"हाव. त्यांना चांगले धुता येतात. मला न्हाई येत," बाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

त्यांचं बोलणं असंच असायचं. कारणं द्यायची नाहीत, आवाज चढवायचा नाही, समोरच्याला उत्तर शोधत ठेवायचं. शाळेत पीटीचा तास म्हणजे मोकळा तास, कुणी शिक्षक रजेवर असला की ढापायचा तास. बाईंनी तो कुणाला कधी दिला नाही. मी पहिल्याच सहामाहीत गणिताचा पोर्शन राहिला म्हणून मागायला गेलो तर म्हणाल्या, "तुझा एक तास मला दे, मग माझा एक घे. तुझ्या तासाला मी त्यांना कोलांट्या शिकवीन. चालंल का?" मी परत आलो.

घळीचं त्यांच्या डोक्यात सतत चालायचं. दुष्काळामुळं रोजगार हमीची कामं सगळीकडं निघाली होती. आमच्या वर्गांतली निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला जायची. बाईंनी अर्ज लिहिला, शाळेचं मैदान हमीच्या कामातून सपाट करून द्या. मला सोबत घेऊन त्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि हसले.

"बाई, माणसं पाण्यासाठी मरायलीत अन् तुम्ही खेळाचं मैदान मागता? मैदान यादीत बसत नाही."

"यादीत काय बसतं साहेब?"

"रस्ता. पाझर तलाव. नाला बांध."

बाईंनी तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि दुसरा अर्ज लिहिला. तांबरवाडीच्या शाळेच्या आवारातून नाला वाहतो, पावसाळ्यात माती वाहून जाते, तरी नाल्याला वरच्या अंगाला बांध घालून पाणी वळवावं आणि पडलेली घळ बुजवावी. खाली सही. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हे तेच मैदान आहे ना?"

"हाव. पण नाला बी खराच हाय. येऊन बगा."

साहेबांनी पाहणीला माणूस पाठवला. नाला खराच होता. काम मंजूर झालं.

पुढचे तीन महिने शाळेपुढं शंभरावर माणसं राबत होती. त्यात बायाच जास्त. जैनबी मनियार मला तिथंच पहिल्यांदा दिसली. एरवी ती डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरायची, पण दुष्काळात बांगड्या कोण भरतंय? मग बांगड्यांची टोपली घरी ठेवून तिनं मातीची उचलली होती. बाई मधल्या सुट्टीत खाली उतरून त्या बायांत बसायच्या, त्यांच्याबरोबर ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायच्या. एकदा जैनबीनं विचारलं, "बाई, हे एवढं सपाट करून इथं करणार काय?"

"खेळायचं."

"कुणी?"

"तू बी खेळ."

सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाई हसल्या नव्हत्या.

घळ बुजली. मैदान इतकं सपाट झालं की पहिल्या दिवशी पोरांना धावताना चुकल्यासारखं वाटत होतं. मग बाईंनी शाळेच्या भिंतीवर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं, गेरूनं वेळापत्रक लिहिलं. पहाटे भरतीची तयारी करणारी तरणी पोरं. दिवसा शाळा. संध्याकाळी सहानंतर गावातला कुणीही. आणि मधल्या एका ओळीत: पाच ते सहा, मैदान बायांचं.

त्या ओळीनं गाव ढवळून निघालं. सरपंच आप्पा स्वतः आले. भला माणूस, पण मैदानाची त्यांना सवय झाली होती. त्यांची ट्रॉली तिथंच उभी राहायची, तूर तिथंच वाळायची.

"बाई, पोरींचं ठीक हाय. पण सासुरवाशिणी मैदानात? लोक काय म्हणतील?"

"आप्पा, लोकांना पाच ते सहा पारावर बसू द्या. तिथं बसून म्हणतील जे काय म्हणायचं ते."

"अन् माझी ट्रॉली?"

"ट्रॉली बाई हाय का बुवा, ते सांगा. बाई असंल तर पाचला आणा."

आप्पा रागावून गेले. पण ट्रॉली दुसऱ्या दिवशी हलली होती.

पहिले आठ दिवस पाचला कुणीच आलं नाही. बाई एकट्याच मैदानात फेऱ्या मारायच्या. नवव्या दिवशी जैनबी आली, आणि तिच्यामागं सहा-सात जणी. हुतूतू खेळायचं ठरलं. तर एकीनं हात पुढं केला. हातभर काचेच्या बांगड्या. फुटल्या तर हात कापायचे, आणि उतरवायच्या म्हटलं तर घरात वादळ उठायचं. बाईंनी जैनबीकडं पाहिलं. जैनबीनं आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि एकेकीच्या मनगटापासून कोपराखालपर्यंत बांगड्यांवर घट्ट गुंडाळल्या. "अब मारो कितना बी," ती म्हणाली. "मनियारन के हात की पट्टी है, एक बी नै फुटेगी."

खरंच एकही फुटली नाही. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. दिवसभर खडी फोडून आलेल्या त्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून इतक्या मोठ्यानं हसत होत्या की मला क्षणभर कळेना, हे हसणं आहे की रडणं. महिनाभरात त्या तीस-चाळीस झाल्या. लिंगायत गल्लीतल्या, मोमीनपुऱ्यातल्या, वाड्यावरच्या, वस्तीतल्या. ज्यांनी एका आडावर कधी पाणी भरलं नव्हतं त्या एकमेकींचे पाय धरून ओढत होत्या. याबद्दल बाईंनी कधी भाषण केलं नाही. त्या फक्त शिट्टी वाजवायच्या.

मग नव्या जिल्ह्याचा निधी आला. शाळांच्या मैदानांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र पैसा मिळत होता आणि त्यात आमच्या शाळेचं नाव होतं. अर्ज अर्थातच बाईंनी लिहिला होता. त्याच्या शेवटी एक ओळ होती: शाळेच्या वेळेनंतर मैदान गावाच्या वापरासाठी खुलं राहील. अर्ज परत आला, त्या ओळीवर काट मारून. बाईंनी ती पुन्हा लिहून अर्ज पाठवला. पुन्हा काट. तिसऱ्या वेळी हेडमास्तरांनी बाईंना न विचारता ओळ वगळून पाठवला आणि निधी मंजूर झाला. कुंपणाची भिंत, लोखंडी फाटक, खांब, लांब उडीचा खड्डा. सोबत अट: मैदान बंदिस्त ठेवावं, बाहेरच्यांना मनाई असल्याचा फलक लावावा.

हेडमास्तर वाईट नव्हते. रिटायर व्हायला आलेला, कागदाला घाबरणारा माणूस. उद्या एखादी बाई पडली, हात मोडला, तर जबाबदार कोण, असं ते विचारायचे, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. त्यांनी एक निवेदन तयार केलं. बाहेरच्या वापरामुळं शाळेच्या मालमत्तेचं नुकसान होतं, सबब फाटकाला कुलूप लावावं, अशी सर्व शिक्षकांची विनंती आहे. कागद माझ्यासमोर आला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी सही केली.

बाईंनी तो कागद नोटीस बोर्डावर वाचला. मी पाठीमागंच उभा होतो. त्या वळल्या.

"अक्षर चांगलं हाय तुझं कंधारकर," त्या म्हणाल्या. "लांबून वाचता येतं."

एवढंच. पुढं त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या. तेच मला जास्त लागलं.

सोमवारी फाटकाला कुलूप लागलं. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. पाचला बाया आल्या, चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी फाटकापुढं उभ्या राहिल्या. आता बाई कुलूप तोडतात की काय म्हणून शाळेतले आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. बाईंनी कुलपाकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या वळल्या, रेणापूरच्या डांबरी रस्त्यावर गेल्या, पायानं एक रेघ ओढून बघितली, उमटली नाही. मग एका मुलीला घरून राख आणायला पाठवलं आणि रस्त्याच्या मधोमध हुतूतूचं मैदान आखलं.

"बाई, हा रस्ता हाय!" हेडमास्तर व्हरांड्यातून ओरडले.

"हाव. सरकारी हाय. ते बी सरकारी व्हतं, तुमी बंद केलं. हे उघडं हाय."

साडेपाचची लातूर गाडी आली आणि थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाईंनी हात वर करून त्याला खूण केली, डाव संपू दे. कंडक्टर तणतणत खाली उतरला. त्याच्यामागं उतारू उतरले. थोड्या वेळानं कंडक्टरच एका बाजूनं ओरडायला लागला, "अगं धर, धर, पाय धर तिचा!" डाव संपला, बायांनी रस्ता दिला, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आजूबाजूच्या गावांत बातमी पसरली. काही जण शिव्या द्यायचे, काही मुद्दाम साडेपाचच्या गाडीनं यायला लागले. आप्पांनी बाईंना निरोप धाडला की पोलिसात जाईन. बाईंनी उलटा निरोप धाडला, "या. पोलिसांना पंच करू, शिट्टी त्यांच्याकडं बी असती."

आठवडा झाला असेल. लातूरहून जीप आली, साडेपाचच्या एसटीच्या मागंच थांबली. त्यातून निधी मंजूर करणाऱ्या खात्याचे साहेब उतरले. तरुण होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. हेडमास्तर धावत गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"दुसरा डाव, साहेब."

"मॅडम, मस्करी पुरे. निधी शाळेसाठी आहे. गावासाठी नाही. नियम मी केलेला नाही."

"ठीक हाय. पण मला एक सांगा, शाळा कुणाची हाय?"

तेवढ्यात जैनबी पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. बाईंनी तिला सांगितलं नव्हतं. मी दोघींच्याही तोंडाकडं बघत होतो.

"साब, ये मिट्टी हमने डाली. इधर गढ्ढा था. तीन महिने टोपले उठाये," ती म्हणाली. मग साहेबांना समजावं म्हणून की काय, मराठीत आली. "आमी भरलं तवा बाहेरचे नव्हतो. सपाट झालं अन् आमी बाहेरचे झालो?"

साहेबांनी फाटकाकडं पाहिलं, भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या ओळीकडं पाहिलं. मग हेडमास्तरांकडं हात पसरला. "किल्ली द्या."

कुलूप त्यांनी स्वतः उघडलं. बाया मात्र आत जाईनात. त्या बाईंकडं बघत होत्या, आणि बाई साहेबांकडं.

"उद्या?" बाईंनी विचारलं.

"उद्याही उघडं राहील. पण हे मी लेखी देऊ शकत नाही, मॅडम."

"मग मी देते," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या दिशेनं हात केला आणि मी खिशातलं पेन दिलं. मनाईचा फलक अजून फाटकाला टेकवून ठेवलेला होता, टांगला नव्हता. त्याच्या कोऱ्या पाठीवर बाईंनी लिहिलं की हे मैदान शाळेचं आणि गावाचं आहे. खाली सही केली. पेन माझ्याकडं परत दिलं नाही. नुसतं माझ्यापुढं धरून राहिल्या.

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी पुढं झालो आणि त्यांच्या सहीखाली माझी केली. माझ्यानंतर विज्ञानाच्या सरांनी केली. जैनबीनं अंगठा उठवला. सगळ्यात शेवटी, कुणालाही वाटलं नव्हतं असं, एसटीचा कंडक्टर पुढं आला. "मी बी करतो. मी रोजचा हाय इथला," तो म्हणाला.

फलक उलट्या बाजूनं टांगला गेला.

याची किंमत बाईंनी मोजली. तिमाही परीक्षा व्हायच्या आत बदलीचा हुकूम आला, पार तेरणेच्या काठाकडं, निलंग्याच्या बाजूला. कारण लिहिलेलं नव्हतं. आम्ही काही जण म्हणालो, बाई, वर जाऊन भेटू, अर्ज करू. त्या म्हणाल्या, "कामून? तिकडं बी शाळा हाय. मैदान हाय का न्हाई बगते जाऊन." यजमान उदगीरहून सामान न्यायला आले होते. दोन पेट्या, एक स्टो, बुटांचे दोन जोड. मैदानावर पाच वाजले होते. बाया हातातला खेळ सोडून निरोपाला धावल्या, तर बाईंनी शिट्टी फुंकली. "साकु! डाव अर्धा टाकून यायचं न्हाई." बाया परत गेल्या, रडत रडत खेळल्या, आणि डाव संपला तेव्हा गाडी निघून गेली होती.

पाच ते सहा जैनबीनं चालू ठेवलं. पुढं माझीही बदली झाली, लग्न झालं, लातुरात घर झालं. बाईंची खबर मधूनमधून यायची. कुठं सरपंचाशी भांडल्या, कुठं चाऱ्याच्या गंजी हलवायला लावल्या. प्रत्येक वेळी कुणीतरी सांगायचं, आणि मी मनात म्हणायचो, असणारच.

त्यांना शेवटचं पाहिलं ते भूकंपानंतर. आम्हा शिक्षकांना पाहणीच्या कामाला लावलं होतं. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावासाठी नवी जागा ठरली होती, काळ्या रानात चुन्याच्या खुणा मारलेल्या. लोक अजून पत्र्याच्या शेडात राहत होते. मी जीपमधून उतरलो तर एका टेबलाभोवती गर्दी. टेबलावर नव्या गावाचा नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर दगड. इंजिनिअर एका बाजूला आणि समोर बाई. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. निवृत्तीला काही महिनेच राहिले असतील. नंतर कळलं की त्यांच्या त्या शाळेतली अकरा पोरं गेली होती. त्या स्वतः ढिगाऱ्यातून काढलेल्या, उजवा हात गळ्यात अडकवलेला.

"समाजमंदिर दाखवलं, दुकानं दाखवली, बस थांबा दाखवला," त्या डाव्या हाताचं बोट नकाशावर फिरवत होत्या. "मैदान रस्त्याच्या पल्याड. कामून?"

इंजिनिअर थकलेला होता. आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "बाई, लोकांना अजून घरं मिळाली नाहीत. तुम्ही मैदानाचं काय घेऊन बसलात?"

"बाबा, रातच्याला पोरं झोपत न्हाईत," बाई म्हणाल्या. "छपराखाली जायला भितात. त्यांना छप्पर नसलेली एक जागा पायजे, गावाच्या आत, आईला दिसंल अशी. नकाशा पुन्हा आखा."

इंजिनिअरनं एका कोपऱ्यावरचा दगड उचलला, पट्टी घेतली आणि पेन्सिलनं काहीतरी खोडायला लागला.

माझी जीप निघायच्या बेतात होती. मी पुढं झालो, वाकून नमस्कार केला. बाईंनी मान वर केली आणि ओळखलं.

"कंधारकर, बरा आलास," त्या म्हणाल्या. "ह्याला गणितात मदत कर जरा. मैदान मावत न्हाई म्हणतो."

ड्रायव्हर हाका मारत होता. मी त्याला जायला सांगितलं, आणि बाह्या दुमडून टेबलापाशी उभा राहिलो.